महादेवीबाईंची हाक

महादेवीबाईंची सकाळची पूजा चालली होती. डाव्या तळहातावर लिंग, त्याला भस्माची बोटं, वर एक बेलाचं पान. पान कालचंच, धुऊन घेतलेलं. गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं आणि ते कडेनं करपत चाललं होतं, कारण पातेलं होतं चार माणसांचं आणि चहा एका माणसाचा. त्यांचे यजमान रेवणप्पा यांचं गोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. साऱ्या लातूरला लहानमोठी पातेली विकली त्या माणसानं, पण स्वतःच्या घरात एकट्या माणसापुरतं पातेलं आणायची वेळ कधी आली नव्हती. ती आली तेव्हा दुकान भाड्यानं गेलेलं होतं आणि रेवणप्पा भिंतीवरच्या फोटोत.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

त्यांच्या गल्लीत कडी वाजवायची पद्धत नाही. बाहेरूनच ‘हाव का घरात’ म्हणायचं आणि उत्तराची वाट न बघता चप्पल काढायची, अशी तिथली रीत. अलीकडे मात्र ही रीत निदान महादेवीबाईंच्या दारापुरती बदलली होती. लोक उंबऱ्याशी हळूच काहीतरी ठेवून जायचे, नाहीतर कडी अशी वाजवायचे की ऐकू गेली तर गेली. शेजारच्या केवळाबाई असतील असं त्यांना वाटलं. त्यांनी लिंग डोळ्यांना लावलं, चांदीच्या डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली आणि गॅस बंद करून दार उघडलं.

दारात दयानंद आणि पुनम उभे होते.

दयानंदनं दाढी वाढवली होती आणि तो वाळला होता. पुनम त्याच्या मागे, अंगाभोवती ओढणी घट्ट लपेटून, थंडी नव्हती तरी. नांदेडहून पहाटेच्या बसनं निघाले असणार, कारण दोघांचेही डोळे चुरचुरत होते. महादेवीबाईंच्या मुलाला, रुद्रेशला, माती दिली त्या दिवसानंतर ही दोघं आज पहिल्यांदा या घरात पाय ठेवत होती. मधे दिवाळी गेली, संक्रांत गेली.

महादेवीबाईंनी कुठं होतात असं विचारलं नाही. म्हणाल्या, “या. चहा ठेवलेलाच हाय.” आणि खरोखर, आज पातेलं बरोबर मापाचं झालं.

दयानंद या घराला परका नव्हता. नांदेडची पोरं अकरावी-बारावीच्या क्लासला लातुरात येतात तसा तो आला आणि माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहिला. रुद्रेश त्याच्याच बॅचचा. पुनमही नांदेडची, त्याच क्लासची, मुलींच्या होस्टेलवर राहायची, पण होस्टेलच्या मेसचं खाऊन बेजार झाली की महादेवीबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायला यायची. तिघंही डॉक्टर होणार होती. तिघांपैकी एकही झालं नाही. क्लासच्या चाचण्यांत मार्क जसे घसरत गेले तसा माडीवरचा आवाज वाढत गेला.

दयानंदकडे गिटार होती. रुद्रेश गायचा. पुनमला ड्रम वाजवायचे होते, पण ड्रम आणायचे कुठून, तर गच्चीवर पाण्याचे निळे प्लॅस्टिकचे ड्रम रांगेनं उभे होते, आणि नळ सुटायच्या आधीचे दोन दिवस ते रिकामेच असायचे. रिकाम्या ड्रमाचा आवाज घुमतो. अर्धा भरलेला निराळा बोलतो. तांब्याची घागर आणखी निराळी. पुनम दोन लाटणी घेऊन त्यावर जे काही करायची ते ऐकून केवळाबाईंनी एकदा गच्चीच्या कठड्यावरून विचारलं होतं, की तुम्ही बँडवाले म्हणता तर आमच्या संगमेशच्या वरातीला येता का, घोड्याचा खर्च आमचा. रुद्रेशनं त्यांना समजावलं की आमचा तसला बँड नाही, आम्ही आमचीच गाणी लिहितो, आमचीच म्हणतो, याला इंडी म्हणतात. केवळाबाई म्हणाल्या, “म्हंजे बोलवत न्हाई कुनी.” तिघंही इतकी हसली की पुनमच्या हातातलं लाटणं खाली गल्लीत पडलं.

लातुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे लातूरकराला सांगायला नको. आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, आणि येतं तेव्हा वेळ सांगून येत नाही. ज्या उन्हाळ्यात शहराला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा पाहिलेली ती पोरं. तर या गल्लीत नळ सुटल्याची वर्दी द्यायचं काम महादेवीबाईंचं होतं. कुणी दिलेलं नव्हतं, आपोआप त्यांच्याकडे आलेलं होतं. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर त्यांचं, म्हणून पाणी आधी त्यांच्या नळात यायचं. पाण्याच्या आधी वारा यायचा, नळ नुसताच फुसफुसायचा. ती फुसफुस झोपेतसुद्धा त्यांच्या कानाला कळायची. मग पदर खोचून त्या दारात उभ्या राहायच्या आणि अख्ख्या गल्लीला हाक द्यायच्या: पाणी आलं वो, पाणी आलं. तिसऱ्या हाकेला गल्लीच्या टोकाच्या घरातही बादल्या वाजायला लागायच्या.

आणि माडीवरचं गाणं थांबायचं. कारण ड्रम लागायचे. पुनमच्या लाटण्याखालचे ड्रम तिघं मिळून उलटे करायची, विसळायची, पाइप लावायची, आणि गाण्याचं कडवं जिथं तुटलं तिथंच राहायचं. असं इतक्यांदा झालं की बँडला नाव काय द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा रुद्रेश म्हणाला, आपलं प्रत्येक गाणं अव्वा संपवते, तर नाव तिच्याच तोंडचं ठेवू. तो आईला अव्वा म्हणायचा, त्यांच्या लिंगायतांत तसंच म्हणतात. बँडचं नाव पडलं ‘पाणी आलं’.

एका गाण्याच्या सुरुवातीला तर पोरांनी महादेवीबाईंची हाकच घातली. त्यांना न सांगता फोनवर रेकॉर्ड केली, आणि खाली येऊन रुद्रेश म्हणाला, अव्वा, मघाचं नीट आलं नाही, अजून एकदा ओरड. महादेवीबाई रागावल्या. गल्लीत पाणी सुटलेलं असताना दोनदा काय ओरडायचं, लोकांना काय चेष्टा वाटली का. मग रात्री जेवताना त्यांनी विचारलं, ऐकू तर दे कसं आलंय. ऐकलं. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. रेवणप्पा गेल्यानंतर त्या घरात फार हळू बोलत आल्या होत्या.

बारावी झाली, दयानंद आणि पुनम नांदेडला परतली, रुद्रेश बाबांचं दुकान भाड्यानं देऊन एका मोबाइलच्या दुकानात बसायला लागला. तरी बँड चालू होता. एक शनिवार नांदेडला, एक लातूरला. कॉलेजचं गॅदरिंग, एखादं गणपती मंडळ, कधी कुणाच्या मित्राचं हॉटेल उघडायचं असेल तर ते. शंभर-दीडशे माणसं त्यांना ओळखायची.

गेल्या गणपतीत जळकोटकडच्या एका गावात मंडळापुढे त्यांचा कार्यक्रम होता. रात्री तिथंच मुक्काम केला, सकाळी निघाली. पाऊस रात्रभर कोसळत होता. ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून गुडघाभर पाणी चाललं होतं आणि जीपवाला म्हणाला, थांबू. थांबली. मग पाणी उतरल्यासारखं वाटलं. रुद्रेश तिघांत उंच, तो खोली बघायला म्हणून पँट दुमडून पुढे चालत गेला. पुलाच्या मधोमध पोचला तेव्हा वरच्या अंगानं एकदम लोंढा आला. एवढंच झालं. दयानंद जीपच्या टपाला धरून उभा होता आणि पुनम आतमध्ये ओल्या गिटारीला टॉवेल गुंडाळत होती. तिनं मान वर केली तेव्हा पूल दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो खाली बाभळीच्या जाळीत सापडला. गळ्यातली लिंगाची डबी तशीच होती. गावच्या स्वामींनी लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे त्याला बसवून माती दिली. महादेवीबाईंनी पाहिलं, की मुलगा मांडी घालून बसला आहे आणि त्याची मान थोडी पुढे आली आहे, जशी तो गाणं लिहिताना यायची. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रडल्या नंतर, घरी येऊन, मोरीत.

पुढचं जे झालं ते त्यांना उशिरा कळलं, आणि कळलं ते शेअर रिक्षात. बाजारातून येताना शेजारी एक कॉलेजची मुलगी बसली होती, फोनवर बोट फिरवत. फोनमधून अचानक महादेवीबाईंची हाक आली. पाणी आलं वो, पाणी आलं. मग पुनमचे ड्रम. महादेवीबाईंनी वाकून पाहिलं तर पडद्यावर पूर होता. वाहून चाललेली म्हैस, पाण्याखालचं सोयाबीन, एका घराचं पत्र्याचं छप्पर. मुलीनं बोट फिरवलं, दुसरा व्हिडिओ, दुसरा पूर, वर तीच हाक. त्या पावसात कुणीतरी ते गाणं पुराच्या चित्राखाली लावलं होतं, मग सगळ्यांनीच लावलं. मग कुणाला तरी कळलं की गाणाराच बुडाला. शंभर-दीडशे माणसांचा बँड लाखो लोकांना माहीत झाला. खाली लोक लिहायचे, नावातच लिहिलेलं होतं. काही लिहायचे, यांनी हे नाव ठेवायलाच नको होतं. मुलगी शेजारणीला म्हणाली, ऐक ना, ही बाई कशी ओरडते, अंगावर काटा येतो. महादेवीबाई आपल्या थांब्याच्या आधीच उतरल्या आणि चालत घरी आल्या. ती बाई मी, हे सांगून काय व्हायचं होतं.

त्याच आठवड्यात नळ सुटला. महादेवीबाईंना फुसफुस ऐकू आली. सवयीनं त्या दारात गेल्या, पदर खोचला, तोंड उघडलं. समोर गल्लीत केवळाबाई, संगमेश, त्याची बायको, पलीकडचे सिद्धराम मास्तर, सगळे आपापल्या दारात आधीच उभे होते, बादल्या हातात घेऊन, आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते. महादेवीबाईंनी तोंड मिटलं आणि आत आल्या.

नंतर समजलं की संगमेशनं फोनवर नळाचा ग्रुप काढला होता. ज्याच्या घरी आधी पाणी येईल त्यानं त्यावर टाकायचं, आणि ओरडायचं कुणीच नाही. बाईला ऐकवणार नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. ठरवताना कुणाच्या मनात वाईट नव्हतं, उलट केवळाबाईंनी पोराबाळांना दम भरला होता की त्या घरासमोर तो शब्द काढाल तर बघा. महादेवीबाईंच्या फोनमध्ये असले ग्रुप येत नाहीत, त्यांचा बटणांचा फोन. त्यामुळे पहिलं घर असून पाण्याचं कळायचं त्यांना शेवटी, आणि हळूहळू तेही नाही. कान पूर्वीसारखे राहिले नव्हते. फुसफुस ऐकायला आतून ओढ लागते, ती सुटली होती. पण त्यांचं अडलं काहीच नाही. दार उघडलं की उंबऱ्याशी भरलेली घागर असायची, कधी दोन. शेजाऱ्यांनी गुपचूप आणून ठेवलेली, वर झाकण. पूजेला पाणी होतं, स्वयंपाकाला होतं. ती घागर आत ओढताना त्यांना दर वेळी वाटायचं, की आपण या गल्लीत राहत नाही, या गल्लीनं आपल्याला ठेवून घेतलंय.

आणि ही शांतता कधी संपायची हेही कुणाला माहीत नव्हतं. केवळाबाईंच्या घरात कुणी गेलं की सुतक असतं, तेराव्याला गोड होतं, दुखवटा निघतो, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक पुन्हा भाजीच्या भावावर बोलतात. महादेवीबाईंच्यात सुतक धरतच नाहीत. शिवगणाराधना झाली, लोक जेवून गेले, बस. गल्लीला वाटलं हे चालूच आहे. धरलंच नाही ते फिटणार कसं?

तर असं सगळं झालेलं असताना दयानंद आणि पुनम समोर बसली होती आणि चहा पीत होती.

दयानंदनं बोलायला सुरुवात केली आणि ती जमेना, तर पुन्हा केली. नांदेडला पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, एका सभागृहात, तिकीट लावून. रुद्रेशनंतरचा पहिलाच. आयोजकांमध्ये दोन तट पडलेत. काहींना हेच नाव मोठ्या अक्षरात हवंय, कारण आता ते सगळ्यांना माहीत आहे. काही म्हणतात, या नावाखाली लोकांना बसवणार कसं. दयानंदला दोन्ही सोसत नव्हतं. त्यानं आणि पुनमनं ठरवलं होतं, निदान त्यानं ठरवलं होतं आणि पुनम नाही म्हणाली नव्हती, की नाव काढून टाकायचं. ते गाणंही सगळीकडून काढायचं. म्हणजे तुमची हाक परत कुठं वाजणार नाही, काकू, कुणी लावलीच तर आम्ही तक्रार करू.

“तुमचं मन दुखून राहिलं असंल इतके दिवस,” तो म्हणाला, “आम्हाला आधीच करायला पाहिजे होतं.”

महादेवीबाईंनी विचारलं, मग नवीन नाव काय?

तो कपाकडे बघत म्हणाला, पक्कं नाही, पण रुद्रेशच्या नावावरून काहीतरी.

महादेवीबाईंना हसू आलं. तोंडाला पदर लावून त्या हसल्या, आणि दयानंद घाबरला. “त्यानं तुला गच्चीवरून ढकललं असतं,” त्या म्हणाल्या. पुनमही हसली, आणि हसता हसता तिचं नाक लाल झालं. ती उठली आणि पाणी प्यायचं निमित्त करून जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. वरचं गच्चीचं दार उघडं होतं. तिथून निळ्या ड्रमाची कड दिसत होती. ती वर गेली. थोड्या वेळानं वरून एकच ठोका ऐकू आला, मग दुसरा, तळहातानं वाजवलेला. ड्रम अगदी रिकामा होता. एका माणसाला ड्रम कशाला लागतात.

महादेवीबाई खाली तो आवाज ऐकत बसल्या. त्यांना कळत होतं की समोरचं पोर आपल्याकडून एक शब्द न्यायला आलंय, आणि तो शब्द घेऊन गेलं की त्याला झोप लागेल. हो बाळा, काढ ते नाव, म्हणायला काय जात होतं. नाव त्यांचं, बँड त्यांचा, नांदेड त्यांचं. पण ते नाव गेलं, गाणं गेलं, की ती दोन शब्दांची हाक या घरातही नाही, गल्लीतही नाही, कुणाच्या फोनमध्येही नाही. रिक्षातली ती मुलगी निदान ऐकत तरी होती. आणि ती हाक गेली की तिच्या मागून वर गच्चीवर पांघरुणात तोंड खुपसून ‘उठलो गं अव्वा’ म्हणणारा आवाज तरी कशाच्या आधारानं आठवायचा? त्यांनी हे दयानंदला सांगितलं नाही. इतकं बोलायची सवय राहिली नव्हती.

तेवढ्यात बाहेर काहीतरी झालं. कुठं एक फोन टुणकन वाजला, पलीकडे दुसरा. एक दार उघडलं. बादलीची कडी कुणीतरी हातानं धरून आवाज होऊ न देता उचलली. मग पावलं, मग पाइप ओढल्याचा आवाज, आणि कुजबुज. एवढ्या लोकांची गल्ली, आणि चोर शिरावेत तशी हालचाल.

पुनम जिन्यातून धावत खाली आली. गल्लीत हे काय चाललंय, तिनं विचारलं, सगळे पाणी भरून राहिलेत आणि कुणी बोलत का नाही?

“नळ सुटलाय,” महादेवीबाई म्हणाल्या.

“मग तुम्ही?”

त्यांनी पुनमचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. पण पुनम हुशार मुलगी. ती एकदा दाराकडे, एकदा दयानंदकडे बघत राहिली, आणि दयानंदच्या चेहऱ्यावरही हळूहळू काहीतरी उतरत गेलं. गल्लीनं जे केलं होतं तेच करायला तो चार तासांचा प्रवास करून आला होता, हे त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही.

उंबऱ्याशी घागर टेकल्याचा आवाज आला. आज दार उघडंच होतं, त्यामुळे केवळाबाईंना लपता आलं नाही. एका हातात घागर, दुसऱ्या हातात तिचं झाकण, अशा त्या वाकलेल्याच राहिल्या. आतमध्ये पोरं बसलेली बघून आणखीच ओशाळल्या. म्हणाल्या, आले होते सहज, ठेवून जाते.

महादेवीबाई उठून दारात गेल्या. शेजारणीला आत ये म्हणाल्या. ती येईना. मग दोघी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहिल्या.

“केवळाबाई, किती दिवस घागर आणनार?”

“लागंल तितके दिवस आनीन. मला काय जड हाय का?” केवळाबाई म्हणाल्या, आणि मग पदराच्या शेवाशी खेळत हळू आवाजात बोलल्या. आमच्यात तेराव्याला निघतं. तुमच्यात कधी निघतं ते ठावं न्हाई, इचारायची लई लाज वाटायची. म्हणून मग गप्पच बसलो सगळे. पोरं इचारतात, आजी, आता ओरडावं का, मी म्हणते, थांबा.

“आमच्यात काही धरतच न्हाईत,” महादेवीबाई म्हणाल्या. “कधी निघायचं नव्हतंच. मीच सांगायला पाहिजे होतं, तर मला वाटलं तुम्हालाच नको झालंय माझं ओरडनं. त्या फोनवरच्यासारखं.”

केवळाबाईंनी झाकण घागरीवर ठेवलं. गल्लीत मागे संगमेश पाइप धरून उभा होता आणि बादली भरून वाहत होती, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

महादेवीबाईंनी मागे वळून दयानंदला सांगितलं, नाव राहू द्या. बदलू नका. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, नाव पावसानं ठेवलेलं नाही, या घरानं ठेवलंय. कार्यक्रमात ते गाणं म्हणा, आणि माझी हाक वाजली तर वाजू दे. पुनमनं मान हलवली. दयानंदनं हातातला रिकामा कप खाली ठेवला.

मग त्या पुन्हा केवळाबाईंकडे वळल्या. साऱ्या जन्मात त्यांनी गल्लीला हाक मारली होती, त्यांना कुणी हाक द्यायची वेळ कधी आली नव्हती, पहिलं घर त्यांचंच म्हणून. मागायची सवय नसल्यानं शब्द जुळवायला त्यांना थोडा वेळ लागला.

“माझं एक ऐका,” त्या म्हणाल्या. “आता माझ्या कानाला नळ कळत न्हाई. तर इथून पुढं पाणी आलं की मला घागर नको. मला हाक मारा. पाणी आलं, असंच म्हणून, मोठ्यानं.”